खाऱ्या पाण्याची मोठी टाकी: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

मोठ्या रीफ टँकबद्दल (कोरल म्हणजे प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल) आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरं अनेकांच्या उपयोगी पडतील, अशी पत्रं या वेळी घेतली आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच टाकी धरली आहे: १८० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद, ६० सेंमी उंच. कागदावर ती ६४८ लिटरची भरते. काचेची जाडी, वरची मोकळी जागा, खडक आणि वाळू वजा केली आणि सम्पमधलं (टाकीखालच्या जोडटाकीतलं) १०० लिटर मिळवलं, की प्रत्यक्ष फिरतं पाणी ६०० लिटरच्या आसपास येतं. सोडा असो की औषध, मात्रा या फिरत्या पाण्यावर काढायची. तुमची टाकी लहान-मोठी असेल तर त्या प्रमाणात आकडे बदलून घ्या.

प्रश्न: ही टाकी पहिल्या मजल्यावर ठेवायची आहे. मजला वजन पेलेल का? स्टँड करून घेताना काय बघावं?

आधी वजन मांडू. समुद्राचं पाणी लिटरला १.०२५ किलो भरतं, म्हणजे पाण्याचे ६१५ किलो. १५ मिमी काचेचे सुमारे १५० किलो. खडक आणि वाळू मिळून ८०-९०. वर स्टँड, सम्प, पंप, दिवे. एकूण एक टन धरून चाला, आणि हा टन जेमतेम एका चौरस मीटरवर बसतो. राहत्या घरांचे मजले साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. टाकी ठेवली की मजला खचेलच, असा याचा अर्थ नाही. तो हिशेब सबंध खोलीभर पसरलेल्या वजनाचा असतो. पण जागा नुसत्या अंदाजाने ठरवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भार वाहणाऱ्या भिंतीलगत, तुळईवर किंवा तुळयांना काटकोनात टाकी ठेवायला तो बहुधा सांगेल. खोलीच्या मधोमध, स्लॅबच्या पोटावर मात्र नको.

स्टँडने टाकीच्या चारही कडांना सलग आधार द्यायला हवा. विनाफ्रेमची टाकी असेल तर खाली सलग फळी आणि तिच्यावर १० मिमीची फोम शीट घाला. प्लास्टिकच्या फ्रेमवर बसणाऱ्या टाकीखाली फोम घालू नये. तिथे वजन कडांवर असतं आणि फोम तळकाचेला मधूनच वर रेटतो. टाकी जागेवर ठेवून ३ सेंमी पाणी भरा आणि चारही कोपऱ्यांत पाण्याची उंची पट्टीने मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर टाकी रिकामी करून स्टँडच्या पायांखाली पाचर मारा. टाकी आणि स्टँडच्या मध्ये पाचर कधीही नको. सगळं वजन त्या एका जागी येतं आणि काच तिथूनच तडकते.

प्रश्न: वीज गेली आणि सम्प भरून वाहिला. रिटर्न पाइपला (सम्पमधून पाणी वर टाकीत नेणाऱ्या) नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलेला होता, तरी असं का झालं?

व्हॉल्व्हच्या झडपेत एखादी गोगलगाय किंवा चुन्याचा कण अडकला की ती पूर्ण मिटत नाही. त्यामुळे त्या व्हॉल्व्हच्या भरवशावर सम्पची मोजमापं ठरवायची नसतात. पंप थांबला की रिटर्नच्या तोंडातून पाणी उलटं खाली येतं आणि ते तोंड हवेत उघडं पडेपर्यंत येतच राहतं. या टाकीच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ जवळपास १ चौरस मीटर आहे, म्हणजे पातळी १ सेंमी उतरली की १० लिटर पाणी खाली येतं. तुमची रिटर्नची तोंडं पाण्याच्या ६ सेंमी खाली असतील तर ६० लिटर सम्पमध्ये उतरणार. शिवाय ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं वरचं पाणी सम्पकडे नेणाऱ्या) कप्प्यातलं आणि पाइपांतलं पाणी वेगळंच.

उपाय सोपा आहे. तोंडं पृष्ठभागाच्या १-२ सेंमी खाली आणा. काही जण पाइपला हवा ओढण्यासाठी भोक पाडतात. ते चालतं, पण कोरलाइन हे गुलाबी शेवाळ त्यावर चढतं आणि ते बुजतं, म्हणून महिन्यातून एकदा टूथपिक घाला. मग ही चाचणी घ्या: पंप बंद करा, उतरायचं तेवढं पाणी उतरू द्या, सम्प काठाच्या ३ सेंमी खालपर्यंत भरा आणि पंप सुरू करा. पातळी स्थिरावेल तिथे सम्पवर पक्क्या मार्करने रेघ मारा. पंप चालू असताना पाणी त्या रेघेच्या वर कधीही नको.

याच पत्रात गुरगुर आवाजाची तक्रार आहे. खाली येणाऱ्या पाइपात हवा आणि पाणी एकत्र उतरतं, तो हा आवाज. दोन पाइप ठेवा. मुख्य पाइपवर गेट व्हॉल्व्ह बसवून तो इतका आवळा की पाइप पाण्याने पूर्ण भरून निःशब्द वाहील. दुसरा थोडा उंच, आणीबाणीसाठी मोकळा. त्यातून नुसती ओघळ जावी. बॉल व्हॉल्व्ह या कामाला नको. तो जराशा वळणाने फार बदलतो आणि नेमकी जागा सापडत नाही.

प्रश्न: मीठ कालवल्यावर पाणी दुधाळ झालं आणि बादलीच्या तळाशी पांढरा थर बसला. मीठ खराब आहे का?

बहुधा मीठ चांगलं आहे, क्रम चुकला. कोरड्या मिठावर पाणी ओतलं की तळाशी काही क्षण अतिशय तीव्र द्रावण तयार होतं. त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून खडूसारखे खाली बसतात आणि परत विरघळत नाहीत. आधी पाणी घ्या, त्यात पंप फिरता ठेवा, मग मीठ मूठमूठ सोडा. पाणी गरम करायचं असेल तर मीठ विरघळल्यावर, तेही २५ अंशांपर्यंतच. तळाशी थर बसलेल्या पाण्याची अल्कलिनिटी (त्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) मोजून बघा, ती घसरलेली सापडेल. ते पाणी वापरू नका.

प्रमाण लिटरला ३५ ग्रॅमपासून सुरू होतं, पण मिठात ओलावा असल्यामुळे प्रत्यक्षात ३६ ते ३९ ग्रॅम लागतात. लक्ष्य ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) क्षारता, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर आणून भागत नाही, कारण शून्याला बरोबर असलेलं उपकरण ३५ ला दोनने चुकू शकतं. ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने लावून घ्या.

आणि पाणी आरओ-डीआयचंच (मेम्ब्रेन आणि मग रेझिनमधून शुद्ध केलेलं) हवं. कार्बन फिल्टर मेम्ब्रेनच्या आधी असतो तो क्लोरीनसाठी. क्लोरीन मेम्ब्रेनला खातं. डीआय रेझिननंतर टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) ० दिसायला हवा. तो १-२ दाखवू लागला की रेझिन बदला. दहावर जाण्याची वाट बघू नका, कारण थकलेलं रेझिन सिलिकेट फार लवकर सोडू लागतं.

प्रश्न: कोरडा खडक घालून पाच आठवडे झाले. अमोनिया शून्य, नायट्राइट खूप, नायट्रेट ८० पीपीएम (दशलक्षात ८० भाग) दिसतो. मासे कधी सोडावेत?

तो ८० चा आकडा तूर्त विसरा. नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग रंग दाखवतं, त्यामुळे पाण्यात आधीच असलेलं नायट्राइट आकडा अवाच्या सवा फुगवतं. नायट्राइट उतरल्यावर मोजा. खाऱ्या पाण्यात नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं बाधतही नाही. पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

टाकी तयार आहे का, हे अशा रीतीने बघा: ६०० लिटरमध्ये ३.८ ग्रॅम अमोनियम क्लोराइड विरघळवा, म्हणजे अमोनिया २ पीपीएमवर जाईल. २४ तासांत तो शून्यावर आला तर अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची फौज उभी आहे. मग निम्मं पाणी बदला आणि एक-दोन लहान मासे सोडा. दहा एकदम नकोत. दिवे तोवर बंदच ठेवा. कोरल नसलेल्या टाकीत उजेडाचा उपयोग फक्त शेवाळाला.

प्रश्न: अक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची टोकं पांढरी पडताहेत. महिन्याभरात अल्कलिनिटी कधी ७.२ तर कधी ९.८ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) दाखवते. कमी दिसली की मी सोडा घालतो. कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट जवळपास शून्य. काय चुकतंय?

आधी टोकं भिंगाखाली बघा. अक्रोपोराचं वाढतं टोक मुळातच फिकट असतं. पण त्यावर पातळ, ओलसर कातडं असतं आणि बारीक पॉलिप (कोरलचे इवले जीव) दिसतात. जळलेलं टोक कोरडं, टोकदार, खडूसारखं दिसतं आणि चार-सहा दिवसांत त्यावर हिरवट शेवाळाची झाक येते. अल्कलिनिटी चढलेली आणि पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट नाही, अशा वेळी हे दुसरं चित्र हमखास दिसतं. तुमच्याकडे दोन्ही आहे.

मग किट तपासा. ५ मिलीच्या नमुन्यात सिरिंजमधल्या बुडबुड्याने ०.३ मिलीची चूक झाली, तरी ८ च्या जागी अर्धा डीकेएच इकडेतिकडे होतो. सिरिंज पाण्यात दोन-तीनदा भरून रिकामी करा, तोंड वर धरून टिचकी मारा, मग माप घ्या. मोजणी रोज एकाच वेळी करा.

आता मूळ गोष्ट. कोरल सोडा रोज खातं, तर तो रोजच द्यायचा. ७ ते ९ मधला कोणताही आकडा चालतो, ७.२ वरून एका रात्रीत ९.८ चालत नाही. दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका. म्हणून आधी खप काढा: तीन दिवस काहीही घालू नका आणि रोज मोजा. समजा ८.६ वरून ७.४ वर आली. तीन दिवसांत १.२, म्हणजे रोज ०.४ डीकेएच.

१ डीकेएच वाढवायला लिटरला ३० मि.ग्रॅ. खाण्याचा सोडा लागतो. ६०० लिटरला १८ ग्रॅम. ०.४ साठी ७.२ ग्रॅम. कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असल्यामुळे कॅल्शियमही ठरलेल्या प्रमाणातच खर्च होतं: दर डीकेएचमागे सुमारे ७ पीपीएम. ०.४ ला २.९ पीपीएम, म्हणजे ६०० लिटरमध्ये १.७ ग्रॅम कॅल्शियम. डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइडमध्ये २७ टक्के कॅल्शियम असतं, म्हणून ते रोज ६.३ ग्रॅम.

दोन डबे करा. एकात लिटरला ७२ ग्रॅम खाण्याचा सोडा, दुसऱ्यात लिटरला ६३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, दोन्ही आरओ-डीआय पाण्यात. प्रत्येकाचे रोज १०० मिली. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना पाणी चांगलंच तापतं, त्यामुळे हळू घाला आणि गार झाल्यावर वापरा. डोसिंग पंप असेल तर १०० मिली दिवसभरात १२ भागांत वाटा. दोन्हींची तोंडं सम्पमध्ये लांब लांब आणि जोरदार प्रवाहात ठेवा, वेळाही वेगळ्या. एकत्र पडली तर पंपावर खडू जमेल आणि तुमची मेहनत वाया. बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात आम्लही असतं. दर आठवड्याला खप पुन्हा तपासा, कारण कोरल वाढतं तशी भूकही वाढते. या पद्धतीत सोडियम आणि क्लोराइड मागे उरतं, म्हणून क्षारता हळूहळू चढते. तीही बघत राहा.

पीएच रात्री ७.८ च्या खाली जात असेल तर खाण्याच्या सोड्याऐवजी सोडा ॲश घ्या. खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये १५०-२०० अंशांना तासभर पसरून भाजला की तो तयार होतो. तो जास्त जोमदार असतो, ७.२ ग्रॅमच्या जागी ४.५ ग्रॅम पुरतात. खिडकी उघडूनही फरक पडतो. बंद खोलीत माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि पीएच दाबतो. स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी बाहेर सोडल्यावर तो बहुतेक वेळा वर येतो.

तिसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा, आणि मध्यम खपाच्या टाकीला तो आम्हाला सर्वांत आवडतो. लिटरला १.५ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळा, गाळ बसू द्या आणि वरची निवळी घ्या. तुमच्या ०.४ डीकेएचसाठी रोज फक्त २.१ लिटर पुरतात. तेवढं पाणी तर टाकीतून उडतंच, मग साध्या पाण्याऐवजी हेच थेंब थेंब सोडा, शक्यतो रात्री. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात आणि मागे मीठ उरत नाही. पण निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि फ्लोटचा स्विच अडकून डबाभर निवळी एकदम गेली तर टाकी जाते. म्हणून निवळीला फ्लोटवर सोडू नका; ठरलेलं माप देणारा पंप लावा.

मॅग्नेशियम १३२० आहे ते तसंच राहू द्या. ते कॅल्शियम आणि कार्बोनेटला पाण्यातच खडू होण्यापासून अडवतं. ते १२०० च्या खाली घसरलं की कितीही सोडा घाला, अल्कलिनिटी टिकत नाही आणि पंप पांढरे होतात. आणि नायट्रेट शून्यावरून ५ पीपीएमपर्यंत येऊ द्या. माशांना थोडं जास्त खायला घालणं हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग.

प्रश्न: उन्हाळ्यात पाणी २९ अंशांवर जातं. चिलर घ्यावा की पंखा पुरेल? आणि पाणी कमी झालं की मीठ घातलेलं पाणी टाकतो, ते बरोबर ना?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. उडालेल्याच्या जागी बिनमिठाचं आरओ-डीआय पाणीच घाला, नाहीतर क्षारता दर आठवड्याला चढत जाईल.

पंख्याचा हिशेब मजेशीर आहे. १ लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात ही ६०० लिटरची टाकी जवळपास १ अंशाने गार होते. उलट बाजूने बघा: १०० वॅटचं उपकरण दिवसभर पाण्यात उष्णता सोडत असेल तर ती काढायला साडेतीन लिटर पाणी उडायला हवं. हवा कोरडी असेल तर सम्पवरचा आणि टाकीवरचा पंखा हे सहज करतो. दमट हवेत पाणी उडतच नाही. तिथे चिलर घ्या. तोवर डीसी पंप घेऊन वॅट कमी करा आणि दिव्यांची वेळ संध्याकाळकडे सरकवा.

पंखा लावला की रोज ८-१० लिटर भर लागते, म्हणून फ्लोट स्विच आलाच. भरीच्या पाण्याचा डबा २० लिटरचाच ठेवा. स्विच अडकून सगळा डबा रिकामा झाला तरी क्षारता ३५ वरून ३३.९ वर येईल, जीव वाचतील. १०० लिटरचा पिंप जोडलात तर ती ३० वर येईल आणि मजलाही भिजेल.

हीटरबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. ६०० वॅटचा एक घेण्यापेक्षा ३०० चे दोन घ्या, वेगळ्या कंट्रोलरवर. हीटर बिघडतो तेव्हा बहुधा चालूच अडकतो आणि टाकी शिजवतो. ३०० वॅटचा एक अडकला तर तुम्हाला कळेपर्यंत वेळ मिळतो.

प्रश्न: वाळूवर आणि खडकांवर तपकिरी, चिकट तंतू आलेत. संध्याकाळी भरपूर, सकाळी कमी. टोकाला बुडबुडे. गोगलगायी मरताहेत. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही ०. पाणी बदलून बदलून थकलो.

पाणी बदलणं आजपासून बंद करा. हे वर्णन डायनोफ्लॅजेलेट्स म्हणजे डायनो या सूक्ष्म एकपेशीय जिवांचं आहे. नव्या टाकीतले डायटम (सूक्ष्म शेवाळ) तपकिरी पुडीसारखे असतात, बोटाने पुसले जातात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. सायनो (सायनोबॅक्टेरिया) लालसर-जांभळा असतो आणि चादरीसारखा सोलून निघतो. खात्री करायची तर थोडा चिकटा बाटलीत घेऊन जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि खाली आलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा तंतू जुळून आले तर डायनोच. ४०० पट मोठं दाखवणारा साधा मायक्रोस्कोप मिळाला तर आणखी चांगलं: थेंबाच्या आकाराचा, एका टोकाशी बांधल्यासारखा गरगर फिरणारा दिसला तर ऑस्ट्रिऑप्सिस, वाळूवरून सरपटणारा चपटा लंबगोल दिसला तर ॲम्फिडिनियम.

दोन्ही आकडे शून्य असतील तर डायनोंशी स्पर्धा करणारं काहीच जगत नाही आणि सगळी जागा त्यांना मिळते. फॉस्फेट काढणारा जीएफओ काढून टाका, नायट्रेट-फॉस्फेट उतरवण्यासाठी केलेलं व्होडका-व्हिनेगरचं डोसिंग थांबवा. मग खत घाला, अगदी खरोखर. ४.१ ग्रॅम सोडियम नायट्रेटने ६०० लिटरमध्ये नायट्रेट ५ पीपीएमने वाढतं. फॉस्फेटसाठी लिटरभर पाण्यात १२ ग्रॅम ट्रायसोडियम फॉस्फेट डोडेकाहायड्रेट विरघळवून ठेवा. त्याच्या १० मिलीने ०.०५ पीपीएम वाढतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ० दिसेल, कारण कोरडा खडक फॉस्फेट शोषून घेतो. रोज मोजा, रोज घाला. खडक भरला की आकडा टिकू लागतो. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.१ च्या आसपास टिकवा.

ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून त्याच्यावर यूव्ही (अतिनील दिव्याने पाणी निर्जंतुक करणारा) चालतो. पण यूव्ही टाकीतूनच पाणी ओढून टाकीतच सोडणारा हवा, आणि प्रवाह मंद. सोबत तीन दिवस दिवे बंद ठेवले तर फरक लवकर दिसतो. ॲम्फिडिनियम वाळू सोडत नाही, त्याच्यावर यूव्ही फुकट. तिथे सिलिकेट घालून डायटम वाढवावे लागतात; वाळूसाठी त्याच्याशी तेच झुंजतात. या चिकट्याला हात लावताना हातमोजे घाला आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर चालू ठेवा, कारण गोगलगायींना मारणारं विष पाण्यातही असतं. महिना-दोन महिने लागतील. मधेच जीएफओ परत लावण्याचा मोह आवरा.

प्रश्न: टँग माशाच्या अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके आले होते, आठवड्यात आपोआप गेले. बरा झाला असं समजू का?

नाही. हा क्रिप्टोकॅरिऑन असणार. परजीवी माशाच्या अंगावर काही दिवस राहतो, मग गळून खडकावर किंवा वाळूत कोष करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं निघतात. ठिपके गेले म्हणजे तो कोषात गेला. कोष फुटायला तीन दिवस लागतात तसे ७२ दिवसही लागू शकतात. म्हणून सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस बिनमाशांची ठेवायची. कोरल, कोळंबी आणि गोगलगायी आत राहू द्या, त्यांना हा रोग होत नाही.

मासे वेगळ्या, उघड्या टाकीत ठेवा. वाळू नको, खडक नको, दोन्ही तांबं शोषतात. आसऱ्याला पीव्हीसी एल्बो पुरे. तांब्याचं औषध लेबलावरच्या पातळीपर्यंत दोन-तीन दिवसांत चढवा आणि ती पातळी ३० दिवस टिकवा; कॉपर टेस्टने रोज मोजा, कारण पातळी एक दिवसही घसरली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. चिलेटेड आणि आयनिक तांब्याच्या पातळ्यांत चौपट-पाचपट फरक असतो, एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. अमोनिया बांधणारी रसायनं तांब्यासोबत नकोत. अमोनिया चढला तर पाणी बदला, नव्या पाण्यात तितकंच औषध घालून. आणि रीफ टाकीत तांबं कधीही नाही.

प्रश्न: वीज सहा तास गेली तर मासे जगतील का? बॅटरीवर काय चालवावं?

२५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात हवेतून लिटरला जेमतेम ६.७ मि.ग्रॅ. ऑक्सिजन मावतो, गोड्या पाण्यात सव्वाआठ. भरलेल्या टाकीत, विशेषतः रात्री, प्रवाह थांबल्यावर तो काही तासांत धोक्याच्या खाली जातो. हीटर, दिवे, रिटर्न विसरा. २५ वॅटचा एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी फिरवणारा पंप) पृष्ठभागाकडे तोंड करून बॅटरीवर ठेवा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १२०० वॅट-तास असतात. लेड-ॲसिड असेल तर निम्मेच धरा, तरी एक दिवस निघतो. तेही नसेल तर वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप आजच लावून ठेवा. त्या काळात खायला घालू नका.

प्रश्न: खडकावर ऐप्टेशिया (उपद्रवी समुद्रफुलं) माजल्या आहेत, शेजारी तपकिरी बटणांसारखे झोअँथिड पॉलिपही आहेत. खडक बाहेर काढून उकळला तर एकदाच सुटका होईल?

कृपा करून उकळू नका. गरम पाण्याने धुऊ नका, ब्रशने खरडू नका, कापू नका. अशा पॉलिपमध्ये, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन असू शकतं. माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी ते एक आहे आणि उकळल्याने नष्ट होत नाही; वाफेबरोबर हवेत येतं आणि घरातल्या सगळ्यांच्या फुप्फुसांत जातं. खडक उकळल्यामुळे कुटुंबंच्या कुटुंबं रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. अशा खडकाला हात लावताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, हाताला जखम असेल तर लावूच नका. तोंडात धातूची चव, ताप, धाप, डोळ्यांची आग यांपैकी काही जाणवलं तर लगेच रुग्णालय गाठा आणि पॅलिटॉक्सिन हा शब्द डॉक्टरांना सांगा.

ऐप्टेशियासाठी खडक बाहेर काढायची गरजही नाही. ती चिरडली तर प्रत्येक तुकड्यातून नवी उगवते, म्हणून चिमटा लावू नका. पंप बंद करा, कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट लापशी सिरिंजने तिच्या तोंडावर झाकेल इतकी घाला, १० मिनिटं थांबा, मग पंप सुरू करा. पीएच चढतो म्हणून दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त नको. शंभरावर असतील तर बर्घिया हे लहान समुद्री स्लग आणा. ते ऐप्टेशियाखेरीज काहीच खात नाहीत. मोठ्या टाकीला दहा-बारा लागतील, रात्री दिवे गेल्यावर ऐप्टेशियांच्या जवळच सोडा. आधी टाकीत कोणते रास जातीचे मासे आणि खेकडे आहेत ते बघून घ्या, सिक्स-लाइन रास तर त्यांना टिपून खातो. दोन-तीन महिने काहीच होत नाही असं वाटेल, मग एकदम कमी होऊ लागतात. शेवटची दिसेनाशी झाली की बर्घिया उपाशी मरतात, म्हणून त्याआधीच काढून जिथे गरज आहे अशा टाकीत द्या.